मुकुंदा, तुझं मशीन मी बंद पाडलं

मुकुंदा, तुझं मशीन मी बंद पाडलं.

तू असतास तर आधी माझा फोन उचलला नसतास, आणि मग देवासहून धारला येऊन दारातच भांडायला लागला असतास. आता दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागतं. तुझी बाजू मला इतकी पाठ आहे की पुष्कळदा तूच जिंकतोस.

श्रावणात तू गेलास. दिवाळी अजून यायची आहे. वैशालीनं तुझं ऑक्सिजनचं यंत्र ज्याचं त्याला परत केलं, पण पलंगाशेजारची ती जागा मोकळीच ठेवली आहे. झाडतानाही तिथून वळसा घालून जाते. तुझी लेक ईशा फोनमधले तुझे जुने व्हॉइस मेसेज लावून ऐकायला लागली, तेव्हा वैशालीनं फोन कपाटात ठेवून दिला. दोघींपैकी कुणाचं बरोबर ते मला ठरवता आलं नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे. तू म्हणाला असतास, "अक्का, हिंदीत लिही ना, मला मराठी वाचायला टाइम लागतो." लागू दे. आता तुला कसली ड्यूटी आहे?

पोलिओनं माझा पाय असा झाला तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. तुझ्या लेखी अक्का म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि त्याचा फरशीवरचा आवाज. लहानपणी तू त्याच्या गुडघ्यावरच्या कुलपाचा आवाज ऐकून ओळखायचास की मी बसले का उठले. पुढे इंदूरच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा कॅलिपर दिला. तो हलका होता, पोटरीभोवती नीट बसायचा, वरून साडी नेसली की दिसायचाही नाही. त्याच्या आत मऊ स्पंजचं अस्तर होतं, आणि तेच टिकत नव्हतं. उन्हाळ्यात घाम आला की सुटायचं, गुंडाळी होऊन घोट्यापाशी जमायचं, आणि उघडं प्लॅस्टिक पायाला घासायचं. माझ्या त्या पायाची जखम लवकर भरत नाही. एका वर्षी ती एवढी चिघळली की शाळेतून लांब छुट्टी घ्यावी लागली. जखम हाडापर्यंत गेली तर काय, हे डॉक्टर बोलायला लागले. कॅलिपर बनवणाऱ्यानं हात वर केले. म्हणाला, या प्लॅस्टिकवर काही टिकतच नाही, दर महिन्याला येऊन चिकटवून न्या.

तू तो कॅलिपर हातात घेऊन उलटासुलटा केलास. मी पाय उशीवर ठेवून पडले होते.

"अक्का, हे तर आमच्या डब्यांचंच प्लॅस्टिक आहे."

"मग?"

"हे कुणालाच धरत नाही. ना गोंद, ना शाई. आमच्याकडे मलमाच्या डब्या बनतात, त्यांच्यावर नाव छापलं आणि बोट फिरवलं की नाव गायब. म्हणून छापायच्या आधी आम्ही प्लाझ्मा मारतो."

"काय मारता?"

"चल तू देवासला. दाखवतो."

तू भाड्याची गाडी आणलीस आणि मला उचलून बसवलंस. वाटेत मी विचारत राहिले आणि तू फक्त हसत राहिलास. तुला कुणाला काही समजावून सांगण्यापेक्षा दाखवायला आवडायचं. 

तुझा तो कारखाना मी पहिल्यांदा पाहिला. पाळी बदलण्याची वेळ होती. तुझ्याबरोबर मशीनवर असणारा रामेश्वर स्टूल घेऊन आला. टोंकखुर्दहून तो रोज मोटरसायकलनं यायचा, आणि वयानं तुझ्याएवढाच असून तुला भिया म्हणायचा. मशीन मला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. एक नळी, आणि तिच्या टोकाला बोटभर लांबीची जांभळट जीभ.

"हात नको लावू."

"आग आहे?"

"नाही. हवाच आहे. विजेनं पिसाळलेली हवा."

मग तू कॅलिपरच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब सोडलेस. ते अळूच्या पानावर उभे राहावेत तसे उभे राहिले आणि घरंगळून गेले. पुसून घेतलंस. कॅलिपर त्या नळीखाली धरून तू सावकाश फिरवत नेलास, सगळ्या वळणांतून, घोट्याच्या खोलगट जागी जास्त जपून. परत थेंब सोडलेस. या वेळी पाणी उभं राहिलं नाही. ते पसरलं आणि सगळीकडे सारखं ओलं झालं. मला प्लॅस्टिकमध्ये काहीच बदललेलं दिसत नव्हतं. तू म्हणालास, दिसणार नाहीच, फक्त अगदी वरचा थर बदलतो, आतलं प्लॅस्टिक तेच, मजबुती तीच. आता हे गोंदाला जवळ करेल.

"पण लवकर करायला पाहिजे," तू म्हणालास. "ठेवून दिलं तर हळूहळू परत पहिल्यासारखं होतं."

तू आणि रामेश्वर दोघांनी मिळून अस्तर बसवलंत. तू गुडघ्यानं दाबून धरलंस, तो कडा दाबत गेला. मग बाहेर ठेल्यावर आपण तिघांनी पोहे खाल्ले. रामेश्वरनं माझ्या पोह्यांवर मुठीनं सेव घातली आणि म्हणाला, "दीदी, अब नी निकलेगा ये. पाँव घिस जाएगा, ये नी निकलेगा."

निघालं नाही. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. तेव्हापासून दर दिवाळीच्या छुट्टीत मी देवासला यायची, दबून गेलेलं अस्तर तू काढायचास आणि नवीन बसवायचास. एवढी वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून शिकवलं, धारच्या चढावरून पायी बाजारात गेले, ईशाच्या शाळेचे जिने चढले. हे सगळं मी तुझ्या मशीनवर चालले. कुणी माझ्या तोंडून हे काढून घेऊ नये म्हणून आधी सांगते. कारण पुढचं जे आहे तेही त्याच मशीनचं आहे.

पहिल्याच दिवशी माझ्या घशाला खाज सुटली होती. जवळ वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसला वास, पण तिखट.

"हा कसला वास?"

"ओझोन."

"तो चांगला असतो ना?"

"वर आभाळात," तू म्हणालास. "इथं नाही."

आणि हसलास. मशीनवर पत्र्याचा एक टोप होता. ती हवा त्यातून ओढून पाइपनं छपराबाहेर टाकायची, असं ते होतं. पण पाइप मध्येच सुटून तारेनं लोंबकळत होता आणि त्याचं तोंड तुमच्याच डोक्यावर होतं. ओढणाऱ्या पंख्याची मोटर जळली होती. त्याच्याऐवजी एक उभा पंखा कोपऱ्यात फिरत होता, म्हणजे तोच वास सगळ्यांना सारखा वाटत होता. मी विचारलं तर तू म्हणालास, मोटर येणार आहे.

पुढच्या दिवाळीला मी आधी वर पाहिलं. पाइप तसाच होता. त्याच्या पुढच्याही. मी रामेश्वरला विचारलं, तुम्हाला हा वास सहन कसा होतो? तो म्हणाला, "शुरू में आता था दीदी. अब आता ही नहीं." त्याला ही चांगली गोष्ट वाटत होती. मी तुझ्याकडे पाहिलं. तू गोंदाच्या डब्याचं झाकण लावत होतास, लागून गेलं तरी लावत होतास.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायची, बोल. तू म्हणायचास, बोललो. मी म्हणायची, परत बोल. तू म्हणायचास, "अक्का, तू ना, मास्तरीणच राहशील. कारखाना म्हणजे शाळा नाही." फोनवर, जेवताना, वैशालीसमोर, ईशाच्या वाढदिवसालाही. एकदा मी सांगितलं की नसेल जमत तर सोड ती नोकरी. तू ताटावरून उठून गेलास. मागाहून फोन करून म्हणालास, दुसरीकडे कोण उभं करतं या वयात, आणि मशीन समजतं म्हणून तर मला मान आहे. तो मान मी पाहिला होता. नवीन माणूस चुकला की सगळे तुला हाक मारायचे. हे काढून घेतलं तर तुझं काय उरतं, हे तू मला विचारलं नाहीस, पण मला ऐकू आलं.

मग एका नवरात्रात तू टेकडीवर देवीला पायी गेला नाहीस. दरवर्षी पायऱ्या चढून जाणारा माणूस रोपवेत बसला. म्हणालास, पाय दुखतात. मुकुंदा, पाय दुखणं म्हणजे काय ते मला विचार. पाय दुखणारा माणूस वाक्याच्या मध्ये थांबत नाही. तू थांबत होतास.

पुढचं वैशालीला जास्त माहीत आहे. इंदूरच्या चकरा, तपासण्या, फुफ्फुसं जाड होऊन आकसत चालली आहेत हे ऐकणं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, कारखान्यातल्या हवेनं झालं का? ते भले माणूस होते. म्हणाले, झालं असं मी सांगू शकत नाही, नाही झालं असंही सांगू शकत नाही, पुष्कळांना काही कारण नसतानाही होतं. तू बिडी कधी ओढली नाहीस. आपल्या घरात कुणाला असं झालं नाही. तरी मला माहीत नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण माझ्याविषयी आता तिकडे कारखान्यात असं बोलतात की ती बाई सगळं ठरवूनच बसली होती. मला काहीच ठरवता आलेलं नाही. मला इतकंच ठाऊक आहे की तो पाइप छपरापर्यंत जायला हवा होता आणि जात नव्हता.

शेवटी शेवटी तुला उशांना टेकवून बसवावं लागायचं. नाकात नळी. तू एक एक शब्द निवडून वापरायचास. त्या दुपारी वैशाली आत पेज करत होती. तू माझा हात धरलास.

"तक्रार... करू नको."

मी तर तेव्हा तक्रारीचं नावही काढलं नव्हतं. तू मला ओळखून होतास.

"का नको?"

"मशीन बंद होईल. रामेश्वरचं... काय?"

"आणि रामेश्वरच्या फुफ्फुसांचं काय?"

तू मान हलवलीस. "दोन पोरी आहेत त्याला. प्रॉमिस कर."

"नाही."

आतून वैशाली ओरडली, "अक्का, आत्ता तरी हो म्हणा!"

म्हणता आलं असतं. सगळेच म्हणतात. पण बाबा गेले तेव्हा तुला शाळेतून आणायला मी आले होते. सगळे मला सांगत होते की त्याला म्हण बाबा आजारी आहेत. मी तुला रस्त्यातच खरं सांगितलं होतं आणि तू माझ्या कॅलिपरला धरून रडला होतास. त्यानंतर मी तुझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. मरणाऱ्या माणसाशी ते सुरू करायचं मला जमलं नाही.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास,

"मग माझ्यानंतर कर."

एवढंच. मुकुंदा, ती परवानगी होती का? का 'मला आधी मरू दे, मग काय करायचं ते कर,' असा राग होता? मी तुझा चेहरा पाहत होते आणि चेहऱ्यावर फक्त श्वास घेण्याची मेहनत होती. पेज आली, तू दोन चमचे घेतलीस. परत तो विषय निघाला नाही, आणि मग निघण्याजोगं काही राहिलं नाही.

तेरावा झाल्यावर मी कारखान्यात गेले. तुझे बूट आणि डबा तिथं राहिला होता. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. तुझ्याविषयी चांगलं बोलले, मनापासून बोलले. मग मी पाइपचं विचारलं.

"बहनजी, मुकुंदजी ने तो कभी लिखकर कुछ नहीं दिया."

"बोलला तर होता."

"बोलते तो सब हैं," ते म्हणाले. मग माझ्या पायाकडे पाहून आवाज खाली आणला. "आप अपना कॅलिपर लेकर कभी भी आइए. आपका काम नहीं रुकेगा."

ते वाईट हेतूनं बोलले असं मला वाटत नाही. पण मी चहा तसाच ठेवून उठले. बाहेर पडताना मी मशीनपाशी थांबले. जांभळी जीभ चालू होती. रामेश्वर तुझ्या जागी उभा होता, आणि पाइपचं तोंड आता त्याच्या डोक्यावर होतं. त्यानं मला हात जोडले.

कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत मी तक्रार दिली. स्वतःच्या नावानं, खाली सही करून. माणसं आली, त्यांनी पाहिलं, मशीनला सील लावलं. आणि मग ऐक. एवढी वर्षं जी मोटर येणार होती, ती आठवड्याच्या आत आली. पाइप नवा आला, छपराबाहेर गेला. मशीन परत सुरू झालं. फक्त त्याच्यावर आता ठेकेदाराची इंदूरची माणसं आहेत. मला आतलं कुणी सांगितलं, याचा संशय रामेश्वरवर आला. त्याला म्हणाले, कुछ दिन घर बैठो. त्या 'कुछ दिन'चा अर्थ तुला सांगायला नको.

तू जे म्हणाला होतास तेच झालं. मी हे कुठल्याही शब्दात गुंडाळत नाही.

मी त्याला फोन केले, त्यानं घेतले नाहीत. शेवटी परवा मी टोंकखुर्दला गेले. माझ्या कॅलिपरचं अस्तर एका कडेनं सुटलंय, घोट्यापाशी जुनीच जागा परत लाल झाली आहे. बसमधून उतरून त्याच्या घरापर्यंत मी थांबत थांबत गेले. ओसरीवर सोयाबीन पसरलेलं होतं. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो समोर बसला, पण माझ्याकडे पाहिना.

"भिया ने आपको मना किया था ना, दीदी?"

म्हणजे तू त्यालाही सांगितलं होतंस.

"हो."

"फिर भी?"

"फिर भी," मी म्हटलं.

 मग त्याला खोकला आला. मोठा नाही, कोरडा, दोनदा. तसला खोकला मी ओळखते. मी म्हटलं, माझ्यावर राग धर, पण माझ्याबरोबर देवासला चल, छातीचा फोटो काढू. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही. मी म्हटलं, मुकुंदही हेच म्हणायचा. तो उठून आत जायला लागला, तेव्हा त्याची बायको दारात आडवी उभी राहिली.

"जाओ ना. रात भर खाँसो हो. कंई छोरियाँ के छोड़ी ने मरोगा?"

मोटरसायकलवर मी त्याच्या मागे बसले. कॅलिपरचा पाय एका बाजूला काढून. तो सबंध वाट बोलला नाही, पण खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबवायचा. माझ्या पायासाठी.

सरकारी दवाखान्यात ओळ होती. त्याचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावून श्वास मोजला. तो फुंकत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं दोनदा पाहिलं. मला वाटलं आता ती तेच बोलणार, जे इंदूरला आपण दोघांनी ऐकलं होतं.

"फोटो साफ है, अभी तो ठीक है," ती म्हणाली. "साँस थोड़ी कम है, पर संभल जाएगी. उस जगह वापस मत जाना."

"वहाँ तो अब कोई बुलाएगा भी नहीं," रामेश्वर म्हणाला. ती हसली. तिला वाटलं तो गंमत करतोय.

बाहेर पायरीवर तो बसला. मला परत विचारलं, "ठीक बोली ना?" मी म्हटलं, ठीक बोली. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. रडत होता का मला कळलं नाही. मग हात काढून म्हणाला, "भिया का भी टाइम पे देख लेते तो..."

त्यानं मला बस स्टँडवर सोडलं. रामराम म्हणाला नाही. मला माफ केलं असं मी समजत नाही, आणि त्यानं करावं अशी माझी मागणीही नाही. दिवाळी तोंडावर आहे, पोरींचे कपडे व्हायचे असतील. धारला परतायला इंदूरच्या बसमध्ये मी खिडकीपाशी बसले. तो गाडीला टेकून दुसरीकडे बघत उभा होता. बस हलली तसा दोन पावलं पुढे आला आणि खिडकीत हात ठेवून म्हणाला,

"दीदी, पाँव का क्या करोगी अब?"

मी म्हटलं, "तू खोकल्याचं औषध वेळेवर घे."

बस निघाली. तो तिथंच उभा होता. मुकुंदा, त्याची छाती साफ आहे.